हातमोजे घालूनही सायकलवर बोटं गारठतात? चौथी जोडी घेण्याआधी हे तपासा

थंडी पडली की सायकलने कामावर जाणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी ठरलेली. आधी रस्त्यावरच्या स्वेटरवाल्याकडून विणलेले हातमोजे घेतले, बोटं गारठली. मग जाड फ्लीसचे घेतले, तरी तेच. मग मोटरसायकलचे चामडी आणले. आता ब्रेक धड दाबता येत नाही आणि बोटं गारठायची ती गारठतातच. खणात तीन जोड्या लोळतायत आणि चौथी कुठली घेऊ, अशी विचारणा सुरू आहे.

चौथी घेऊ नका, निदान लगेच तरी नको. तीन वेगवेगळ्या जोड्यांनी फरक पडला नसेल, तर दोष बहुतेक जाडीत नाही. हातमोजा ऊब तयार करत नाही, आलेली ऊब धरून ठेवतो. बोटांमध्ये स्नायू नसतात. बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या हातात असतात. त्यामुळे बोटांना ऊब मिळते ती रक्तातूनच, आणि ती तिथे पोचत नसेल किंवा पोचून उडून जात असेल तर वर कितीही जाड कापड चढवा, आत गारच राहणार. ऊब कुठे अडते किंवा कुठून निसटते हे आधी शोधायचं, आणि त्यासाठी सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही.

आधी हे ठरवा: बोट गार आहे की बधिर?

लोक दोन्हीला ‘बोटं बधिर झाली’ असंच म्हणतात आणि तिथेच निदान चुकतं. पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की सायकल बाजूला घ्या, हातमोजा काढा आणि ते बोट गालाला लावा. गालाला बर्फासारखं लागलं तर थंडीचा दोष. बोट गालाला बऱ्यापैकी उबदार लागतंय, पण बोटालाच काही कळत नाहीये, मुंग्या येतायत, तर तो थंडीचा दोष नाही. ती दबलेली नस आहे.

दबलेल्या नसेत कुठली बोटं बधिर होतात यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट जात असेल, तर तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर, मनगटाच्या जरा पुढे, भार पडतोय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जात असेल, तर मनगट हँडलवर मागे वाकलेलं राहतंय. या माणसाने आणखी जाड हातमोजे घेतले तर त्रास वाढतो, कारण मूठ जाड होते आणि माणूस ती जास्त आवळून धरतो. उन्हाळ्यातही असं होत होतं का, हे आठवून पाहा. बहुतेकांना आठवतं की होत होतं, फक्त तेव्हा थंडीवर ढकलता येत नव्हतं.

याचा इलाज सायकलवर आहे. सीटचं टोक पुढे खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि ते सावरायला सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करून घ्या. हँडल फार खाली किंवा फार लांब असेल तर वर, जवळ घ्या. कोपरं थोडी वाकलेली ठेवा, दर काही मिनिटांनी पकड बदला. एवढं करूनही घरी बसल्या बसल्या मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता खरोखर गारठणाऱ्या बोटांकडे वळू.

वारा

महाराष्ट्रातल्या थंडीत निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं, असं माझं मत आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ८ ते १० अंशांवर येतो. निफाडला त्याहून खाली. हे आकडे स्थिर हवेचे. सायकल चालवताना वारा आपण स्वतःच तयार करतो आणि त्याच्या पुढ्यात सगळ्यात आधी येतात ती हँडलवरची बोटं. हवामानशास्त्रात वापरतात त्या सूत्राने हिशेब केला, तर १० अंशांच्या हवेत ताशी २० किलोमीटरने जाताना उघड्या त्वचेला ७ अंशांसारखं वाटतं, ५ अंशांत १ अंशासारखं, आणि शून्यात उणे ५ सारखं. उतारावर ताशी ३५ ने सुटलात तर आणखी वाईट.

विणलेल्या हातमोज्याला हजार भोकं असतात. घरात तो उबदार वाटतो कारण भोकांत अडकलेली हवा स्थिर असते. सायकलवर वारा तीच हवा उपसून नेतो. जाड फ्लीसचंही तेच, कारण साध्या फ्लीसमधून वारा आरपार जातो. दुकानात तपासायचं असेल तर हातमोज्याच्या बोटाचं पाठीकडचं कापड ओठांना लावा आणि जोरात फुंकर मारा. आत घातलेल्या बोटाला फुंकर लागली, तर रस्त्यावर वाराही लागणार. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

घरी याहून चांगली चाचणी करता येते. औषधाच्या दुकानात मिळणारा, एकदा वापरून टाकायचा पातळ रबरी हातमोजा घ्या आणि फक्त उजव्या हातात, नेहमीच्या हातमोज्याच्या आत घाला. डावा हात नेहमीसारखाच. नेहमीच्या रस्त्याने जा आणि पोचल्यावर दोन्ही हात तपासा. उजवा उबदार आणि कोरडा निघाला तर दोष वाऱ्याचा, विषय संपला. उजवा उबदार पण आतून ओलाचिंब निघाला, तर वाऱ्यासोबत घामही आहे. त्याचं पुढे बघू. दोन्ही सारखेच गार निघाले तर हातमोज्याला दोष देऊ नका, वरच्या बाजूला म्हणजे मनगट आणि छातीकडे बघा.

वाऱ्याचा दोष ठरला की खरेदी सोपी होते. पाठीकडून वारा अडवणारं कापड, तळव्याला पातळ आणि न घसरणारं, आत हलकं अस्तर. आपल्याकडच्या थंडीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. आधीचे विणलेले हातमोजे टाकू नका. त्यांच्यावर एक सैलसर, वारा न शिरणारा पातळ हातमोजा चढवला की तीच जोडी आतल्या थरासाठी उत्तम.

एक गोष्ट रस्त्याचीही असते. थंड हवा जड असल्याने रात्रभर सखल भागात साचते. पुण्यात नदीकाठच्या रस्त्यावर उतरलं की दोन-तीन अंशांनी पारा पडल्यासारखा वाटतो, आणि शिवाजीनगर-पाषाणपेक्षा मगरपट्ट्याकडे पहाट जरा सौम्य असते. रोज एकाच ठिकाणी बोटं जात असतील, तर हातमोज्याआधी रस्ता बदलून पाहा. चार गल्ल्या वरून गेलं तरी फरक पडतो.

आधी ठीक, मग वीस-पंचवीस मिनिटांनी गार: घाम

वेळ सांगितली की अर्धं निदान होतं. निघाल्यावर पाच-दहा मिनिटं बोटं गारठतात आणि मग हळूहळू सुटतात, तर त्यात बिघाड काहीच नाही. शरीर तापेपर्यंत हातापायांच्या टोकांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, तापलं की सोडतं. अशा वेळी हातमोजे दाराबाहेर पडताना न घालता पाच मिनिटं आधी, हात उबदार असताना, घरातच घाला. गारठलेल्या हातावर चढवलेला हातमोजा गारठाच धरून ठेवतो. निघण्याआधी दोन्ही हात खांद्यापासून गोल जोरात फिरवले तर रक्त बोटांच्या टोकांपर्यंत जातं.

उलट क्रम असेल, म्हणजे सुरुवातीला मस्त उबदार आणि चढ संपून सपाट रस्ता लागला की अचानक गार, तर हात घामेजले होते. ओलं कापड ऊब झपाट्याने बाहेर घालवतं, आणि घाम वाळताना आणखी ऊब घेऊन जातो. मोटरसायकलच्या जाड हातमोज्यांत हेच होतं. मोटरसायकलवाल्याचं शरीर काम करत नाही, म्हणून ते हातमोजे नुसती ऊब कोंडायला बनवलेले असतात. तुम्ही पायडल मारताय. खडकवासल्याकडून शहरात येणाऱ्याला आणि बावधनचा चढ चढणाऱ्याला एकच हातमोजा चालणार नाही.

घामाचा इलाज जाडी कमी करणं हा आहे, आणि तो कोणालाच पटत नाही. पातळ लोकरीचा आतला थर आणि वर वारा अडवणारा थर, असे दोन सुटे थर घ्या. चढावर वरचा काढून खिशात, उतारावर पुन्हा चढवा. आतला थर सुती नको. सूत ओलं झालं की वाळत नाही आणि अंगाला चिकटून बसतं. खरी लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. बाजारात ‘लोकरीचे’ म्हणून विकले जाणारे बरेचसे हातमोजे ॲक्रिलिकचे असतात. ते वाईट नाहीत, पण लोकर समजून जास्त पैसे देऊ नका.

फक्त ब्रेकवरची दोन बोटं गार

ही तक्रार नेमकी असते आणि तिचं कारणही नेमकं. गर्दीत चालवणारा माणूस तर्जनी आणि मधलं बोट सतत ब्रेकच्या दांडीवर ठेवतो. ती दांडी धातूची, रात्रभर पार्किंगमध्ये गारठलेली, आणि वाऱ्यात असल्याने तापायचं नाव घेत नाही. बोटांची ऊब ती सरळ शोषून घेते. हातमोज्याचं कापड नेमकं तिथेच दाबलं जातं, आणि दाबलेल्या कापडात हवा उरत नाही म्हणून ऊबही उरत नाही.

जुन्या काळ्या सायकलींवर, जिथे हँडलच्या खालून लोखंडी ब्रेकची लांब दांडी जाते, तिथे तर चारही बोटं लोखंडावर असतात. दूध आणि पेपर टाकणारे या दांडीवर पंक्चरच्या दुकानातला जुन्या ट्यूबचा तुकडा ओवून घेतात. तीन-चार इंचांचा तुकडा, आत किंचित साबणाचं पाणी लावून सरकवायचा, वाळला की जागेवर घट्ट बसतो. आजच्या ॲल्युमिनियमच्या दांडीला इलेक्ट्रिकचं दुकान चालवणाऱ्याकडची, गरम केली की आकसणारी नळी बसते, किंवा टेनिसच्या रॅकेटवर गुंडाळतात तसली पट्टी दोन फेरे गुंडाळा. वीस-तीस रुपयांत होणाऱ्या कामासाठी लोक दोन हजारांचे हातमोजे घेतात हे बघून वाईट वाटतं. गुंडाळल्यावर ब्रेक पूर्ण दाबून सोडून पाहा; दांडी कुठे अडकता कामा नये.

माप

घट्ट हातमोजा हे गारठ्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. दुकानात आपण हात सरळ पसरून माप बघतो, सायकलवर मात्र बोटं वाकलेली असतात. वाकली की टोकाला कापड ताणलं जातं, तिथली हवा निघून जाते आणि बोटांच्या मधल्या बेचक्यांत शिवण रुतून रक्त अडतं. म्हणून हातमोजा घालून मूठ वळा, मग सायकलचं हँडल धरल्यासारखी काहीतरी गोल दांडी धरा. बोटाच्या टोकापुढे तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरली पाहिजे. त्याहून जास्त उरली तर टोक लोंबतं आणि घंटी, गिअर सापडत नाही. आत दुसरा थर घालणार असाल तर तो घालूनच मापून बघा. ‘आत पातळ घालेन’ म्हणून नेहमीच्या मापाचा बाहेरचा घेतला की दोन्ही मिळून बोटं आवळतात, आणि पातळ एकटा बरा होता असं म्हणायची पाळी येते.

शक्य असेल तर सायकल दुकानाबाहेर लावा आणि हातमोजा घालून ब्रेक, गिअर, घंटी आणि दिव्याचं बटण, चारही करून बघा. दिव्याचं बारीक रबरी बटण जाड बोटाला सापडत नाही, आणि पहाटे सहाला ते सापडायलाच हवं. मोबाइलच्या पडद्यावर चालणारी टोकं मात्र खरेदीचं कारण होऊ देऊ नका. तो धागा काही महिन्यांत झिजतो, आणि चालवताना मोबाइलला हात लावायचाही नसतो.

मनगट आणि छाती

मनगटाच्या आतल्या बाजूला नाडी लागते, म्हणजे बोटांकडे जाणारं रक्त तिथे त्वचेच्या अगदी जवळ असतं. जॅकेटची बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये दोन बोटांची उघडी फट राहिली, तर ते रक्त गार होऊनच पुढे जातं. हँडलकडे हात लांबवले की बाही वर सरकते, म्हणून आरशासमोर फट दिसत नाही. सायकलवर बसून बघावी लागते. जुना लोकरी मोजा घ्या, पंजा कापून टाका, वरचा नळा मनगटावर चढवा. पुरतं.

आणि छाती. शरीराला मध्यभाग गार पडतोय असं वाटलं की ते पहिलं रक्त हातापायांकडून काढून घेतं. पातळ टी-शर्टवर जाड हातमोजे घालणारे बरेच दिसतात. त्यांनी वारा अडवणारं बिनबाह्यांचं जॅकेट आणि कानटोपी घातली, तर त्याच हातमोज्यांत बोटं सुटतात. पूर्वी युरोपातले शर्यतीचे सायकलपटू घाटमाथ्यावरून उतरताना शर्टच्या आत वर्तमानपत्र खुपसायचे, ते याचसाठी. छातीवर दोन घड्या पेपर आजही चालतो.

जाता जाता: टपरीवरचा चहा घ्या, कप दोन्ही हातांत धरून घ्या. सोबतची सिगारेट मात्र बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसवते.

परदेशात गेलेल्यांसाठी

नेदरलँड्स किंवा जर्मनीत गेलेल्या आपल्या लोकांचा त्रास वेगळा असतो. तिथे थंडीपेक्षा ४ अंशांतली रिपरिप जास्त छळते. पाणी न शिरणारे हातमोजे घेतले तरी बाहेरचं कापड भिजून जड होतं आणि आतला हात कोरडा असूनही गार पडतो. ओला हात एकदा बाहेर काढला की आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येतं आणि परत आत जाता जात नाही. घेताना हात जोरात ओढून बघा. अस्तर टोकाला शिवलेलं असेल तर ते जागचं हलत नाही. अर्धा तासाहून लांब जायचं असेल तर एका महागड्या जोडीपेक्षा दोन मध्यम बऱ्या: एक जाताना, दुसरी कोरडी परत येताना.

कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे, उणे १० च्या खाली, पाच बोटांचा हातमोजा कितीही भारी असला तरी कमीच पडतो. तिथे ताशी २० च्या वेगात उणे १० चं उणे १८ होतं. बोटं एकमेकांना चिकटून राहिली तर एकमेकांची ऊब वापरतात, म्हणून अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असा, किंवा दोन-दोन बोटांच्या खोबणीचा हातमोजा घ्यावा. त्याहून चांगलं म्हणजे हँडललाच बांधायचं मोठं आवरण. दिल्ली-पंजाबात हिवाळ्यात स्कूटरच्या हँडलला रेक्झिनची अस्तरवाली आवरणं लावतात, तीच कल्पना. आत पातळ हातमोजा पुरतो, आणि ब्रेकची दांडीही आवरणाच्या आत असल्याने तीही वाऱ्यातून सुटते. हात झटकन बाहेर येतो का, एवढं मात्र वाहत्या रस्त्यावर जाण्याआधी तपासा.

हातात ठेवायच्या गरम पुड्यांबद्दल: त्यांत लोखंडाची पूड असते आणि ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजताना तापते. घट्ट हातमोज्यात हवा मिळाली नाही की पुडी तापतच नाही, मग लोक पुडीला नावं ठेवतात. फोडून दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग तळव्याऐवजी हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, पण कापडाच्या थरावरून ठेवा. थेट कातडीवर नको.

डॉक्टरांकडे कधी

बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होऊन ठणकत असतील आणि पांढऱ्याची कड रेघ ओढल्यासारखी दिसत असेल, तर ते रेनॉडचं, म्हणजे गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसण्याच्या विकाराचं, लक्षण असू शकतं. बायकांमध्ये ते जास्त आढळतं. फ्रीजमधलं दूध काढतानाही असं होत असेल तर हातमोज्यांवर आणखी खर्च करण्याआधी दाखवून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातल्या, हात गार पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फक्त सांगा.

गारठलेले हात पोचल्या पोचल्या कढत पाण्यात घालू नका आणि चोळूही नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. थोडं ठणकेल, मग सुटेल.

हातमोजे रोज आतून बाहेर उलटे करून वाळवा, गॅसजवळ नाही. कार्यालयात पोचल्यावर बॅगेत कोंबले तर सकाळचा दमटपणा संध्याकाळपर्यंत तसाच राहतो आणि घरी जाताना पहिल्या मिनिटापासून बोटं गार पडतात. खुर्चीच्या पाठीवर टाका, किंवा आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा. धुताना कपडे मऊ करणारं द्रव घालू नका. ते फ्लीस आणि पातळ अस्तराच्या धाग्यांवर थर धरतं आणि घाम बाहेर जायचा थांबतो.